नटावरची पिवळी रेघ

तागडीसाहेबांच्या नजरेत मिस्त्री पहिल्यांदा भरले ते एका बोटामुळे. दोन्ही हात मनगटापर्यंत ग्रीसने काळे, आणि उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं तेवढं एक बोट पिवळं. नखाच्या कडेला, पेरांच्या घड्यांत, सगळीकडे रंग मुरलेला. ब्रेकचं काम करणाऱ्याचं बोट काळं असावं, फार तर एखादं टोक गेलेलं असावं. पिवळं का असावं?

साहेबांनी विचारलं नाही. विचारलं की माणूस सावध होतो. एकतीस वर्षं त्यांनी वजनमापं खात्यात निरीक्षक म्हणून काढली होती, आणि दुकानात शिरल्यावर मालकाच्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघायचं, हे तिथेच शिकले होते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण सवय निवृत्त झाली नाही. दूधवाल्याचं माप ते अजून उजेडाकडे धरून बघत. औषधाच्या पाकिटातल्या गोळ्या दुकानातच मोजत. गल्लीतले लोक पाठीमागे त्यांना तागडीसाहेब म्हणत आणि तोंडावर नुसतं साहेब. पाठीमागचं नाव त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर तेच जास्त आवडत होतं.

मिस्त्रींकडे ते आले होते ते गाडीसाठी. गाडी चौदा वर्षांची. इंजिन ठणठणीत, पण वेगात असताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थडथडायचं आणि पायाखालचं पेडल कुणीतरी खालून ढोसल्यासारखं उडायचं. पुढच्या चाकांच्या ब्रेकच्या चकत्या, म्हणजे डिस्क, वाकड्या झाल्या असं सगळे सांगत. हमरस्त्यावरच्या मोठ्या गॅरेजने दोन्ही चकत्या नव्या बसवल्या. पाच आठवड्यांत पुन्हा तेच. साहेबांनी त्या गॅरेजला मुद्द्यांना क्रमांक घालून दोन पानी तक्रार लिहिली. मालकाने काम करणाऱ्या फिटरला बोलावून झापलं आणि गाड्या धुण्यावर लावलं. न्याय झाला, असं साहेबांना वाटलं. मग पुलाजवळच्या दुसऱ्या गॅरेजने त्या चकत्या लेथवर तासून सपाट केल्या. महिनाभरात पुन्हा थडथड.

या थडथडीवर बरंच काही टांगलेलं होतं. साहेबांच्या थोरल्या बहिणीला सगळे अक्का म्हणत. वय ब्याऐंशी, डोळ्यांनी अंधुक, आणि टेकडीवरच्या घरात एकट्या राहायच्या. खाली यायला राजी नाहीत. बस टेकडीच्या पायथ्याशी थांबते, पुढे चार किलोमीटर वळणावळणाचा चढ. दर रविवारी साहेब आणि त्यांच्या पत्नी अक्कांचं आठवड्याचं सामान घेऊन वर जात. अक्का गाडीचा आवाज तिसऱ्या वळणावर ओळखत आणि दारात येऊन म्हणत, "आलास का रे माझी झडती घ्यायला?" गाडी नसेल तर हा रविवार नव्हता.

आणि परगावी राहणाऱ्या मुलाने फोनवर निर्वाणीचं सांगितलं होतं, "बाबा, दोनदा झालं. आता तिसऱ्यांदा बिघडली तर गाडी विकायची. उतारावर ब्रेकशी खेळ नको."

साहेबही तिरमिरीत बोलून गेले, "तिसऱ्यांदा बिघडली तर मी स्वतः किल्ली तुझ्या हातावर ठेवीन." शब्द गेला तो गेला.

म्हणून औषधाच्या दुकानदाराने सुचवलेल्या या मिस्त्रींकडे ते आले, पण हात हलवत आले नाहीत. आदल्या दिवशी त्यांनी गाडीखाली वाकून दोन्ही चकत्यांच्या आतल्या कडेला खिळ्याने बारीक त्रिकोण कोरून ठेवला होता. चकती बदलली तर कळावी म्हणून.

दुकान लाकडाच्या वखारीमागच्या बोळात, दोन शटरचं. एका बाजूला लेथ, दुसऱ्या बाजूला गाडी उभी करायची जागा, आणि हवेत भुश्शाचा आणि तापलेल्या लोखंडाचा मिसळलेला वास. मिस्त्री पंचावन्नचे असतील. बोलणं बेताचं. साहेब स्टूल ओढून चाकापासून हातभर अंतरावर बसले.

"साहेब, ग्रीस उडेल."

"उडू दे."

मिस्त्रींनी नटाला पाना लावला. नट हलेना. लांब दांडा आणून दोन्ही हातांनी जोर केला तेव्हा कुठे तो करकरत सुटला. मिस्त्रींनी साहेबांकडे मान वळवून पाहिलं.

"हे कुणी आवळले?"

"गॅरेजवाल्यांनी बसवले," साहेब म्हणाले. ते खोटं नव्हतं. गॅरेजवाल्यांनीच बसवले होते. नंतरचं कुणी विचारलं नव्हतं.

चाक निघालं, चकती निघाली. मिस्त्रींनी ती उजेडात फिरवली आणि आतल्या कडेवर पिवळं बोट टेकवलं. "हा त्रिकोण तुमचा ना?"

साहेबांनी स्टूल जरा मागे सरकवलं.

"असू द्या. तासताना राखून ठेवतो."

मग मिस्त्रींनी जे केलं त्याने साहेबांचा संशय दुणावला. चकती जिथे बसते त्या हबवर गंजाचा पातळ थर होता. मिस्त्री तो तारेच्या ब्रशने आणि मग पॉलिश पेपरने घासत बसले. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस मिनिटं. जे काम गिऱ्हाइकाला दिसणारही नाही त्यावर कुणी एवढा वेळ घालवतो? कुठेतरी पाणी मुरतंय, साहेबांना वाटलं.

घासून झाल्यावर चकती परत ठेवून तिच्यावर घड्याळासारखी तबकडी असलेलं माप लावलं. त्याला ते डायल म्हणत. चकती हाताने हळूहळू फिरवली की काटा हलायचा. एका घरामागे मिलिमीटरचा शंभरावा भाग.

"सात घरं हलतोय," मिस्त्री म्हणाले. "दोनच्या आत पाहिजे."

"हे माप बरोबर कशावरून?"

मिस्त्री बाजूला सरकले. साहेबांनी खिशातून आपला जुना जुडगा काढला. जाडी कोरलेल्या पातळ पोलादी पट्ट्या, निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी दिलेल्या. त्यांनी एक पट्टी डायलच्या टोकाखाली सरकवली. काटा बरोबर दहा घरं सरकला. दुसरी पट्टी, वीस. तिळभर फरक नाही.

साहेबांना बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. त्यांचा अनुभव उलटा होता. ज्याचा काटा हलका तो लहान चोर, सापडतो. ज्याचा काटा अगदी चोख, तो मोठा. त्याची चोरी दुसरीकडे असते.

ती त्यांना शेवटी दिसली. चकत्या लेथवर तासून बसल्या, चाकं चढली, मिस्त्रींनी एका लांब पान्याने नट आवळले. आधी हा, मग समोरचा, मग बाजूचा, मग त्याच्या समोरचा. ठरलेला जोर लागला की पाना 'टक्' करायचा आणि मिस्त्री तिथेच थांबायचे. सगळे नट झाल्यावर खिडकीतली छोटी डबी उघडली, त्यात बोट बुडवलं आणि प्रत्येक नटावर एक बारीक पिवळी रेघ ओढली. नटावरून निघून शेजारी चाकावर उतरलेली.

"हे काय?"

"खूण."

"कसली?"

"माझ्या माहितीची," मिस्त्री म्हणाले, आणि चिंधीला बोट पुसलं. "शंभर किलोमीटर झाले की या. नट मीच बघीन. तोवर नटांना हात लावू नका."

साहेब घरी पोचेपर्यंत हे शेवटचं वाक्य त्यांच्या डोक्यात फिरत राहिलं. हात लावू नका. नोकरीतला त्यांचा पहिला नियम होता: दुकानदार जिथे हात लावू नका म्हणतो, तिथे आधी हात घालायचा. आणि ती रेघ? मिस्त्री लोकांची आपसातली खूण असणार. हे गिऱ्हाईक पुन्हा येतं, याला कापा.

त्यांनी डिकीतून पाना काढला. त्याच्या दांड्यात एक हातभर लोखंडी पाइप अडकवला, म्हणजे जोर चौपट होतो. कुठल्याही गॅरेजातून आलं की ते हे करत. कुणावर विसंबून चालत नाही. पहिल्या नटावर पाइप आडवा धरून ते दोन्ही पायांनी त्यावर उभे राहिले. नट कुरकुरला आणि पाव फेरा फिरला.

"बघ," ते ओट्यावर भाजी निवडत बसलेल्या पत्नीला म्हणाले, "ढिला होता."

"ढिला होता, की तुम्ही उभे राहिलात म्हणून फिरला?" पत्नी म्हणाल्या. "तुम्ही उभे राहिलात तर जिनासुद्धा हलतो."

साहेबांनी दुसरा नट घेतला. तिसऱ्यापर्यंत धाप लागली, चौथ्याला नुसता हाताने रेटा दिला. पलीकडच्या चाकालाही तसंच. रेघा पुसल्या नाहीत. पुरावा असावा. आणि शंभर किलोमीटर झाल्यावर ते मिस्त्रींकडे गेलेही नाहीत. परत या म्हणणं, हा त्यांना नवीन काम काढायचा डाव वाटला.

तीन रविवार गाडी लोण्यासारखी थांबली. चौथ्या रविवारी अक्कांकडून उतरताना, दुसऱ्या वळणावर, स्टिअरिंग पुन्हा हातात थडथडलं. पत्नींच्या मांडीवर अक्कांनी दिलेली रोपाची कुंडी होती. तिच्यातली माती उसळून साडीवर पडली. पत्नी खाली पोचेपर्यंत चिमटीने माती उचलून कुंडीत टाकत राहिल्या. ओरडल्या असत्या तर साहेबांना सोपं गेलं असतं.

रात्रीच्या फोनवर मुलगा म्हणाला, "पुढच्या रविवारी येतोय. अक्कांकडे मी चालवत नेतो गाडी. बघतो काय ते."

शुक्रवारी दुपारी साहेब मिस्त्रींच्या दारात उभे राहिले. रागाने कानशिलं तापली होती.

"मिस्त्री, पुन्हा थडथडते."

"या."

"या काय? मी पाहुणा आलो नाही."

"पाहुण्यांना मी बसा म्हणतो," मिस्त्री म्हणाले आणि चाकापाशी उकिडवे बसले.

साहेबांनी आधी गाडीखाली वाकून आपला त्रिकोण शोधला. त्रिकोण होता. चकती बदललेली नव्हती. त्यांची जराशी निराशाच झाली. उठून पाहतात तर मिस्त्रींनी अजून पान्याला हात लावला नव्हता. ते नुसते नटांकडे बघत होते. मग उठून दुसऱ्या चाकाशी गेले, तिथेही बघितलं.

"साहेब, नोकरी कुठे केलीत?"

"वजनमापं खात्यात. निरीक्षक."

"मग काट्याचं सील तुटलेलं दिसलं तर काय करायचात?"

"पंचनामा."

"मग करा," मिस्त्री म्हणाले आणि पिवळं बोट नटावर ठेवलं.

साहेब गुडघे धरत खाली बसले. नटावर रेघेचा एक तुकडा होता, चाकावर दुसरा. मधली सांगड तुटली होती. पहिल्या नटावरची रेघ पाव फेरा पुढे गेलेली. दुसऱ्यावरची तेवढीच. तिसऱ्यावरची त्याच्या निम्मी. चौथ्यावरची नखभर. आठही नटांवर एकही रेघ जागेवर नव्हती.

आयुष्यात त्यांनी शेकडो तुटलेली सीलं पाहिली होती, आणि प्रत्येक वेळी समोरचा माणूस जे बोलायचा तेच त्यांच्या तोंडून निघालं.

"मी काही केलं नाही. फक्त घट्ट केले. ढिले होते."

"ढिले नव्हते. जेवढे हवे तेवढे होते." मिस्त्रींनी टक् करणारा पाना आणला आणि आपल्या ठरलेल्या जोरावर लावला. नट हललाही नाही, पाना टक् म्हणाला. मूठ फिरवून दुप्पट जोरावर लावला. टक्. नट तिथेच. शेवटचा नट मात्र दुप्पट जोर लागताच पुढे फिरला. "दोन पिळून ठेवलेत, दोन सोडून दिलेत. दमलात वाटतं."

साहेबांनी चौथ्या नटावर अंगठा फिरवला.

"चकती वाकडी होत नाही हो, साहेब. वाकडी बसते. एका बाजूला नट पिळला की ती केसभर तिरकी होते. आज कळत नाही. पण मग प्रत्येक फेऱ्याला ब्रेकच्या पॅडला एकाच जागी घासते, त्या जागी झिजते, पातळ होते. जाड, पातळ, जाड, पातळ. तेच तुमच्या हाताला थडथड लागतं. आधीच्या गॅरेजांतून आल्यावर पण असंच घट्ट केलं होतंत?"

"हो."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

साहेबांना एकदम त्या फिटरचा चेहरा आठवायचा होता, पण आठवेना. त्यांनी चेहरा बघितलाच नव्हता. क्रमांक घातलेले मुद्दे तेवढे आठवले. मुद्दा चार, नट योग्यरीत्या आवळलेले नव्हते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती त्यांनी स्वतःच्या सहीने दिली होती.

मिस्त्रींनी चाकं काढायला घेतली. काम करता करताच, चाकाशीच बोलल्यासारखे ते सांगू लागले.

"मी आधी बस डेपोत होतो. एकोणीस वर्षं. एका सकाळी बसचं मागचं चाक रस्त्यात निखळलं. ड्रायव्हरचा हात मोडला. वहीत त्या चाकावर शेवटची सही माझी. माझ्यानंतर आणखी दोघांनी नटांना पाना लावला होता, पण ते कोण सांगणार? चार महिने घरी बसवलं. चौकशीला मोठे साहेब आले. सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसले. चाक बाहेर अंगणात पडलं होतं, ते कुणी बघायला गेलं नाही. पुढे सोडलं मला, पण जेवायला बसलो की बाकावरची माणसं जरा सरकायची. मग मीच नोकरी सोडली. तेव्हापासून हा रंग. माझा हात कुठे थांबला, ते मला दाखवता आलं पाहिजे."

लेथ सुरू झाला. चकतीवरून चांदीसारखी बारीक भुकटी गळायला लागली. साहेब बराच वेळ ती बघत बसले. आयुष्यभर आपण कुणावर विश्वास ठेवला नाही, आणि हा माणूस कुणी विश्वास ठेवला नाही म्हणून बोट रंगवून बसला आहे. लेथ थांबल्यावर ते म्हणाले,

"पण मिस्त्री, एक चूक तुमचीही."

मिस्त्रींनी मान वर केली.

"रेघ कशासाठी, ते मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की लोक नट फिरवतात आणि वरून नवीन रेघ ओढतात. एकाने ओढली होती. हिरवी." मिस्त्री पहिल्यांदा हसले. "घरात पिवळा रंग नव्हता म्हणे."

"तरी सांगायचं. आम्ही काट्याला सील लावलं की दुकानदाराला समोर बसवून सांगायचो, हे सील, हे तोडलंस तर गुन्हा. सांगून लावलं तर सील. न सांगता लावलं तर तो सापळा. मीही न सांगताच त्रिकोण कोरला होता, तुमच्यात आणि माझ्यात मग फरक काय?"

मिस्त्रींनी चकतीवरची भुकटी फुंकरून उडवली. "ते आहे," एवढंच म्हणाले. मग चकतीच्या कडेवर कोरलेला आकडा साहेबांना दाखवला. "याहून पातळ झाली की चालत नाही. आता जेमतेम वर आहे. पुढच्या वेळी तासता येणार नाही. आणि उतारावर ब्रेक दाबून धरून येऊ नका. खालच्या गिअरमध्ये उतरा, इंजिनाला धरू दे गाडी. ब्रेक लावायचा तेव्हा नीट लावा आणि सोडा."

या वेळी नट आवळताना मिस्त्रींनी पाना साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी समोरासमोरचे नट एकेक करून आवळले. टक् झालं की त्यांचा हात आणखी थोडा पुढे जायला बघायचा, आणि मिस्त्री म्हणायचे, "बस." आठ वेळा म्हणावं लागलं. मग रेघा मिस्त्रींनी ओढल्या.

रविवारी मुलाने गाडी चालवली. चढ गेला. उतारावर त्याने मुद्दाम दोनदा जोरात ब्रेक लावून बघितला. स्टिअरिंग शांत. मागे बसलेल्या पत्नींनी मांडीवरची पिशवी सोडून खिडकी उघडली.

"मिळाला म्हणायचा शेवटी चांगला मिस्त्री," मुलगा म्हणाला. "आधीचे सगळे चोर."

साहेबांना गप्प बसता आलं असतं. गाडी चालत होती, अक्का खूश होत्या, कुणी विचारलंही नव्हतं.

"चोर नव्हते," ते म्हणाले. "चोर मी होतो." आणि पायथ्याशी गाडी उभी करायला लावून त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. पाइप, पाव फेरा, तक्रार, तुटलेल्या रेघा. "तिसऱ्यांदाही बिघडली होती. मिस्त्रींमुळे नाही, माझ्यामुळे. शब्द दिला होता तुला. किल्ली तुझ्याच हातात आहे, ठेव."

मुलाने आईकडे पाहिलं.

"मला काय विचारतोस?" पत्नी म्हणाल्या. "मी जिन्याचं तेव्हाच सांगितलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा."

मुलाने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. मग त्याने ती काढून वडिलांच्या हातावर ठेवली. "किल्ली ठेवा. तो पाइप द्या."

पाइप डिकीत होता. पुढच्या रविवारी तो अक्कांच्या अंगणात वेलाला आधार म्हणून रोवला गेला. अक्कांनी चाचपून बघितला आणि म्हणाल्या, "चांगला भक्कम आहे की. कुठे सापडला?" साहेब वाकून वेल पाइपाला बांधायला लागले.

मधल्या सोमवारी साहेब मोठ्या गॅरेजात गेले. तक्रार मागे घेतल्याचं पत्र त्यांनी एका पानात लिहिलं होतं, मुद्द्यांना क्रमांक न घालता. मालकाला ते वाचून दाखवलं आणि मग फिटरला बोलवायला सांगितलं. तो पाण्याची नळी बंद करून आला, पँट गुडघ्यापर्यंत ओली. या वेळी साहेबांनी आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. कपाळावर जुन्या जखमेचा व्रण होता. पत्र ऐकून तो फक्त म्हणाला, "बरं झालं सांगितलंत," आणि पुढच्या आठवड्यात परत आपल्या जागेवर कामाला लागला.

मिस्त्रींचं दुकान अजून वखारीमागेच आहे, दोन शटरचं. ते आता साठीला आले आहेत आणि चष्मा लागला आहे. नट आवळून झाले की गिऱ्हाइकाला समोरच्या स्टुलावर बसवतात, पिवळी रेघ कशासाठी ते सांगतात, आणि मगच डबीत बोट बुडवतात.